परसातली चेरी: झाड जाळीच्या मापाचं घ्यावं

लहानपणी चेरी म्हणून आम्ही जे खाल्लं ते करवंद होतं. बेकरीतल्या पेस्ट्रीवरची ती लालभडक, चिकट गोळी म्हणजे बिया काढून, पाकात मुरवून रंगवलेलं करवंद, हे मला कळलं तेव्हा मी तिशीत होते आणि इंग्लंडात येऊन दोन वर्षं झाली होती. खरी चेरी झाडावरून तोडून खाल्ली ती केंट परगण्यातल्या एका बागेत, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. पुढे फ्लॅट सोडून परस असलेल्या घरात आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात मी चेरीचं झाड लावलं. ते झाड आज नाही. त्यानंतर लावलेलं मात्र दहा वर्षांचं झालंय आणि घरच्यांना पुरून शेजारी वाटीभर-वाटीभर द्यावं इतकं पिकतं.

पहिलं गेलं ते माझ्या हातानं. दुसरं टिकलं कारण ते लावण्याआधी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: झाड जाळीखाली मावेल एवढंच घ्यायचं, आणि हिवाळ्यात त्याला कात्री लावायची नाही. खाली जे लिहिलंय ते दक्षिण इंग्लंडच्या हवेतलं आहे. जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना महिने थोडे मागेपुढे करून चालेल.

आधी जाळीचा विचार

नवख्या माणसाला वाटतं, झाड म्हटलं की खत, पाणी आणि कीड. चेरीत या तिन्हींच्या आधी पाखरं येतात. रानकबुतरं, ब्लॅकबर्ड, आणि आपल्या मैनेच्या कुळातलेच स्टार्लिंग. फळावर गुलाबी छटा आली की यांना कोण निरोप देतं कोण जाणे. पहिल्या पिकाच्या वर्षी मी ‘शनिवारी तोडू’ म्हणून ठेवलं. शनिवारी सकाळी झाडावर देठ होते आणि देठांना लटकलेल्या स्वच्छ बिया होत्या. गर तेवढा नेला होता.

चमकणाऱ्या सीड्या, प्लास्टिकचं घुबड, फडफडणाऱ्या पट्ट्या, सगळं करून झालं. दोन दिवस पाखरं बिचकतात, तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर बसतात. उपाय एकच, जाळी. आणि जाळी टाकायची तर झाड जमिनीवर उभं राहून, हातात काठी घेऊन, त्याच्या शेंड्यावरून जाळी ओढता येईल एवढंच उंच हवं. म्हणजे अडीच मीटर, फार तर तीन.

केंटच्या जुन्या बागांमधली चेरीची झाडं तिमजली इमारतीएवढी असत. आठव्या हेन्री राजाचा फळबागवाला रिचर्ड हॅरिस याने १५३३ च्या सुमारास इथल्या टेनम गावी बाग लावली, तेव्हापासून हा परगणा चेरीचा. लांबच लांब शिड्या लावून तोडणी व्हायची, झाडांखाली मेंढ्या चरायच्या, आणि पाखरं हाकायला पोरं ठेवलेली असत, आपल्याकडे ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्यांसारखी. तुमच्याकडे शिडी, मेंढ्या आणि पोरं नसतील तर पुढचा भाग नीट वाचा.

खुंट: चिठ्ठीवरचं दुसरं नाव

हापूसचं कलम रायवळाच्या रोपावर बांधतात, तसंच चेरीचं. वरची फांदी हव्या त्या जातीची, खालचं मूळ दुसऱ्याच झाडाचं. झाड किती उंच होणार हे मुख्यतः खालचा खुंट ठरवतो. रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर जातीचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि खुंटाचं बारीक. आपण बारीक अक्षरं आधी वाचायची.

घरगुती बागेसाठी मुख्यतः दोन खुंट मिळतात. कोल्ट हा केंटमधल्याच ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात तयार झालेला. दणकट, भारी मातीलाही फारसं न कुरकुरणारा, पण मोकळा सोडला तर सहा मीटरच्या वर जाणारा. गिझेला ५ हा जर्मनीतल्या गीसेन शहरातला, नावही त्या शहरावरूनच पडलेलं. यावरचं झाड तीन मीटरच्या आसपास थांबतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देऊ लागतं. लहान परसात गिझेला ५ घ्या, यात मला दुमत वाटत नाही.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. मुळं अशक्त, त्यामुळे आधाराची काठी कायमची. माती बरी हवी, पाणी वेळेवर हवं. हलक्या, उपाशी जमिनीत हे झाड खुरटतं आणि वाटाण्याएवढी फळं धरून बसतं. अशा जागी कोल्ट घेऊन भिंतीवर पंख्यासारखा पसरवलेला बरा.

माझं पहिलं झाड एका मोठ्या दुकानाच्या दारात स्वस्तात ठेवलेलं होतं. चिठ्ठीवर ‘गोड चेरी’ एवढंच, खुंटाचा पत्ता नाही. चौथ्या वर्षी ते झोपण्याच्या खोलीच्या खिडकीतून आत डोकावू लागलं.

जात कोणती

गोड चेरीच्या बऱ्याच जुन्या जातींना स्वतःचे पराग चालत नाहीत. जवळ दुसऱ्या, जुळणाऱ्या जातीचं झाड त्याच सुमारास फुललेलं हवं, नाहीतर फुलोरा पांढराशुभ्र आणि फळ शून्य. एकच झाड लावायचं असेल तर स्वफलित जात घ्यायची. यामागची गोष्ट गमतीची आहे. इंग्लंडमधल्या जॉन इनेस संस्थेत परागांवर क्ष-किरणांचा मारा करून स्वतःशीच जुळणारी रोपं मिळवली गेली. त्यातलं एक रोप कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या समरलँड केंद्रात संकरासाठी वापरलं आणि १९६८ मध्ये ‘स्टेला’ बाजारात आली. सनबर्स्ट, लॅपिन्स, स्वीटहार्ट या पुढच्या जातीही समरलँडच्याच.

माझ्याकडे स्टेला आहे. फळ काळपट लाल, गोड, जुलैच्या उत्तरार्धात तयार. तक्रार एकच, ऐन पिकताना पाऊस आला की तडकते. लॅपिन्सला तडे थोडे कमी जातात असा लौकिक आहे. कोर्डिया आणि रेजिना चवीला फार छान, पण त्यांना जोडीदार लागतो, म्हणून पहिलं झाड म्हणून नकोत.

परसात ऊनच कमी असेल तर गोड चेरीचा नाद सोडून मोरेलो लावा. ही आंबट चेरी, वनस्पतिशास्त्रात हिची जातच वेगळी. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या भिंतीवरही ती फळते. स्वफलित आहे, आटोपशीर राहते. कच्ची खाल्ली तर तोंड वाकडं होतं, पण साखरांब्याला हिच्यासारखं दुसरं फळ नाही.

दोन फसगती टाळा. एक, फुलांसाठी विकली जाणारी जपानी चेरी. कान्झान वगैरे नावाची ही झाडं वसंतात गुलाबी ढगासारखी फुलतात आणि खाण्यासारखं काहीच देत नाहीत. दुसरी, खाल्लेल्या चेरीची बी रुजवणं. रोप येईल, पण ते आईसारखं निघेलच असं नाही, फळाला बरीच वर्षं लागतील आणि तोवर झाड जाळीच्या हाताबाहेर गेलेलं असेल.

“एक रोप पुण्याला आणशील का?”

हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून इथेच उत्तर देते. नाही. परदेशातून पिशवीत रोप आणायला परवानगी नसते हे तर आहेच, पण आणलं तरी फळणार नाही. गोड चेरीला हिवाळ्यात साधारण सात अंशांखालच्या थंडीचे कित्येक शे तास लागतात, बहुतेक जातींना ७०० ते १००० किंवा त्याहून जास्त. त्याशिवाय कळ्यांची झोप मोडत नाही. पुण्यात, नाशकात, अगदी महाबळेश्वरातही इतकी थंडी साठत नाही. भारतात ही थंडी काश्मीर आणि हिमाचलच्या उंच भागात आहे. काश्मिरात हिला गिलास म्हणतात आणि मिश्री, डबल, मखमली अशा जाती लावतात.

महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत ‘चेरी’ म्हणून जे मिळतं ते बहुधा बार्बाडोस चेरी, म्हणजे अ‍ॅसेरोला. या झाडाचा खऱ्या चेरीशी काही संबंध नाही, पण झुडूप गुणी आहे. ऊन आवडतं, मोठ्या कुंडीतही होतं, गुटी किंवा फाट्यापासून तयार करता येतं, फुलापासून महिन्याभरात फळ पिकतं आणि त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. फळ तोडल्यावर दोन दिवसही टिकत नाही, म्हणून बाजारात दिसत नाही आणि म्हणूनच घरी असावं. रस्त्याकडेला छत्रीसारखं पसरणारं, वटवाघळांनी गजबजलेलं सिंगापूर चेरीचं झाड हे आणखी तिसरंच. तिकडच्या बागेला यातलं एक पुरे. इथून पुढचं सगळं थंडीतल्या चेरीबद्दल.

जागा आणि लावणी

दिवसभराचं ऊन, निचरा होणारी जमीन, आणि उताराच्या तळाशी नसलेली जागा. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते आणि बागेच्या खोलगट कोपऱ्यात साचते. एप्रिलच्या रात्री तिथलीच फुलं आधी जळतात.

निचरा तपासायला दीड फूट खोल खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता आणि झोपायला जा. सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे चेरी नको, किंवा माती वर चढवून गादीवाफ्यावर लावा. पाय ओले राहणं चेरीला अजिबात सोसत नाही. माझ्याकडची माती चिकट, पावसात बुटाला किलोभर येणारी, म्हणून दुसरं झाड मी वीतभर उंच केलेल्या गादीवर लावलं.

नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची, मातीशिवायची झाडं मिळतात. आपल्याकडून आलेल्या माणसाला ते वाळकं लाकूड पाहून शंका येते, पण ती कुंडीतल्या झाडांपेक्षा स्वस्त असतात आणि चांगली रुजतात. नोव्हेंबरात लावलेलं उत्तम, कारण माती अजून पुरती गारठलेली नसते. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर थांबा. तोवर मुळं ओलसर मातीत झाकून ठेवा.

लावायच्या दिवशी मुळं तासभर बादलीत भिजवा. खड्डा मुळं मोकळी पसरतील इतका रुंद, पण खोल मात्र मुळांपुरताच. आधाराचा खांब झाडाआधी ठोका, नंतर ठोकलात तर मुळं फोडाल. खोडावर जुन्या मातीची गडद रेघ दिसते, तीच नव्या जमिनीची पातळी. कलमाचा फुगीर जोड जमिनीपासून चांगला चार बोटं वर राहिला पाहिजे. जोड पुरला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, आणि गिझेलासाठी मोजलेले पैसे पाण्यात.

आपल्याकडे खड्ड्यात पाटीभर शेणखत घालायची रीत आहे. माझ्या सासऱ्यांनी फोनवर तसंच बजावलं होतं. इथल्या गार, ओल्या मातीत ते करू नका. खत कुजून बसतं आणि त्याबरोबर झाड खाली जातं, जोड पुन्हा मातीत. काढलेलीच माती परत भरा, टाचेनं हलकेच दाबा, दोन झाऱ्या पाणी द्या. कुजलेलं खत वरून आच्छादन म्हणून पसरा, दोन-तीन बोटं जाडीचं, खोडाला न टेकवता.

पहिली दोन वर्षं

आळं मोठं ठेवा, निदान मीटरभर व्यासाचं, आणि त्यात गवत येऊ देऊ नका. हिरवळ ही पाणीचोर आहे. ‘इंग्लंडात पाणी कशाला घालायचं’ हा समज मे-जूनमध्ये झाडं मारतो. कोरड्या आठवड्यात दहा लिटरच्या दोन झाऱ्या, एकदाच, सावकाश. रोज शिंपडण्यानं मुळं वरवर राहतात.

फेब्रुवारीअखेर आळ्यात मूठ-दोन मूठ संमिश्र खत. जास्त नत्र दिलंत तर पालेदार, लुसलुशीत वाढ होते आणि ती माव्याला भारी आवडते. पहिल्या वर्षी चार फळं धरली तर चाखून पाहा, बाकी काढून टाका.

कुंडीत लावायचं असेल तर गिझेला ५ च, आणि कुंडी निदान ५० लिटरची. उन्हाळ्यात रोज पाणी. महिनाभर भारतात जाणार असाल तर शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

एप्रिल

फुलोऱ्याचे ते दहा-बारा दिवस मी हवामानाचा अंदाज जितका पाहते तितका परीक्षेच्या दिवसांत निकालही पाहिला नसेल. उमललेली फुलं शून्याखाली दोन अंशांच्या सुमारास मरतात. पाकळ्या तशाच पांढऱ्या दिसतात, पण आतला मधला भाग काळा पडतो, फळ गेलं. रात्री गोठणार असं कळलं की संध्याकाळी पातळ पांढरं बागेचं कापड, इथे त्याला फ्लीस म्हणतात, झाडावर टाका आणि सकाळी न विसरता काढा. मधमाश्यांना वाट हवी. गार दिवसांत पोळ्यातल्या मधमाश्या घराबाहेर पडत नाहीत, पण गलेलठ्ठ केसाळ बंबलबी पडतात. म्हणून त्या वेळी फुलणारं काहीतरी जवळ असू द्यावं आणि फवारणी मुळीच करू नये.

मग फळं धरतात आणि त्यातली पुष्कळशी पिवळी पडून गळतात. पहिल्या वर्षी मी घाबरून चौघांना विचारलं होतं. झाड झेपेल तेवढंच ठेवतं, एवढाच त्याचा अर्थ.

मे महिन्यातला मावा

शेंड्याची पानं गुंडाळून मुठीसारखी झाली, आत उघडून पाहिलं तर काळे ठिपके, बोटाला चिकट, मुंग्यांची ये-जा. हा चेरीचा काळा मावा. त्याची अंडी कळ्यांपाशी हिवाळा काढतात, वसंतात पिल्लं कोवळ्या शेंड्यावर बसतात. दिसतं भयंकर, पण मोठं झाड त्यानं मरत नाही. जूनअखेर मावा आपणहून झाड सोडून तणांवर राहायला जातो.

झाड लहान असताना मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेंडे पाहते. पानं वळायच्या आधी सापडला तर बोटांनी चिरडायचा. वळल्यावर पानाच्या आत काही पोचत नाही, तेव्हा तो शेंडा खुडून टाकायचा. खोडाला मुंग्यांसाठी चिकटपट्टी लावता येते. मुंग्या माव्याच्या राखणदार असतात, त्या हटल्या की मावा खाणाऱ्या लेडीबर्ड किड्यांचं फावतं. विषारी औषधाची गरज मला दहा वर्षांत पडलेली नाही.

छाटणी: हिवाळ्यात कात्री उचलायची नाही

आता पहिल्या झाडाची गोष्ट. खिडकीशी पोचलेल्या त्या झाडाला मी जानेवारीतल्या एका कोरड्या रविवारी छाटलं. सफरचंदं हिवाळ्यात छाटतात, गुलाबही छाटतात, मग चेरी का नाही? शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “आत्ता?” मला वाटलं, थंडीबद्दल विचारताहेत.

मे महिन्यात दोन मोठ्या फांद्यांची पानं आलीच नाहीत. कापल्या जागांखालची साल खचली आणि तिथून तांबूस डिंक ओघळू लागला. पुढच्या वर्षी उरलेल्या पानांवर चंदेरी झाक आली. तिसऱ्या वर्षी झाड काढावं लागलं.

कारण साधं आहे. चेरी, प्लम या आठळीच्या झाडांना दोन रोग कापलेल्या जागेतून शिरतात. चंदेरी पानाचा रोग बुरशीचा. तिचे बीजाणू मुख्यतः शरद आणि हिवाळ्याच्या ओल्या दिवसांत हवेत असतात. दुसरा कॅन्कर, जिवाणूचा, तोही गार, ओल्या हवेत फोफावतो. हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं, जखम भरत नाही, दार उघडं राहतं. उन्हाळ्यात बीजाणू कमी आणि जखम लवकर सुकते. म्हणून फळ देणाऱ्या झाडाची छाटणी फळं तोडल्यावर लगेच, जुलैअखेर ते ऑगस्ट, सलग दोन-तीन कोरडे दिवस पाहून. अगदी कोवळ्या झाडाला आकार द्यायचा असेल तर वसंतात, कळ्या फुटू लागल्यावर.

काय कापायचं हे जातीवर आहे. गोड चेरी दोन वर्षं आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड, गाठाळ फांद्यांवर फळते, आणि त्या वर्षानुवर्षं तशाच फळत राहतात. त्यामुळे फार कापायचं नसतं. मेलेलं, एकमेकांवर घासणारं, मध्ये गर्दी करणारं काढा, आणि जाळीच्या उंचीवर गेलेला प्रत्येक शेंडा खालच्या आडव्या फांदीपाशी परत आणा. सरळ उभ्या वाढणाऱ्या कोवळ्या फांद्या कापण्यापेक्षा सुतळीनं वाकवून बांधल्या तर लवकर फळतात. मोरेलोचं उलट. ती मागच्या वर्षीच्या कोवळ्या काडीवर फळते, म्हणून फळ दिलेल्या काड्या तळातल्या नव्या फुटव्यापर्यंत कापत राहायचं. मोरेलोला वर्षानुवर्षं कात्री लावली नाही तर फळं फक्त टोकांना येतात आणि मधलं झाड उघडं पडतं.

कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना स्पिरिटनं पुसा.

डिंक दिसला तर

विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना डिंक्या म्हटलं की घाम फुटतो. चेरीवरचा डिंक तितका वाईट नेहमीच नसतो. फांदी घासली, खरचटली तरी चेरी डिंक सोडते. डिंकाखालची साल खचलेली, काळपट असेल आणि त्यावरची फांदी सुकत असेल, पानांना छर्रे मारल्यासारखी भोकं असतील, तर तो कॅन्कर. नाशिकच्या द्राक्षवाल्यासारखं ‘बोर्डो मारू’ असं मनात येईल, पण इथे घरगुती बागेत या रोगावर मारायला औषध मिळत नाही. उन्हाळ्यात फांदी निरोगी लाकडापर्यंत कापून काढणं हाच उपाय.

चंदेरी झाक दिसली तर अंगठ्याएवढी जाड फांदी कापून आडवा छेद पाहा. मधोमध तपकिरी डाग असेल तर रोग आहे. डाग संपल्यावर आणखी वीतभर आत जाऊन कापा. छेद स्वच्छ असेल तर चंदेरी रंग बहुधा दुष्काळानं किंवा उपासमारीनं आलेला असतो, पाणी-खतानं जातो.

जाळी टाकणं

जूनच्या मध्यावर, फळं हिरव्याची पिवळसर होऊ लागली की जाळी. नुसती झाडावर फेकली तर पाखरं वरून बसून भोकांतून खातात, आणि काढताना फांद्या तुटतात. चार बांबू किंवा पाइप रोवून सांगाडा करा, टोकांवर उलट्या कुंड्या ठेवा म्हणजे जाळी अडकत नाही, आणि जाळी ताणून बसवा. सैल जाळीत पाखरं गुरफटतात. खालची कड जमिनीला दगडांनी दाबा. सकाळ-संध्याकाळ एक फेरी मारा. माझ्याकडे एकदा ब्लॅकबर्डची मादी आत सापडली. कशी शिरली हे तिलाच ठाऊक, बाहेर काढताना तिनं मला बोचकारलं आणि तोंडातली चेरी काही सोडली नाही.

पाखरांसाठी बोटाच्या पेराएवढं भोक चालतं. पण २०१२ मध्ये इंग्लंडात एक नवी माशी आली, ठिपकेवाली ड्रोसोफिला. साधी फळमाशी कुजलेल्या फळात अंडी घालते, ही पिकू लागलेल्या धडधाकट फळाची साल चिरून आत घालते. फळ हाताला मऊ लागतं, फोडलं तर बारीक पांढऱ्या अळ्या. ज्यांच्या बागेत ती आहे त्यांनी एक मिलिमीटरहून बारीक भोकांची जाळी घ्यावी, फूल गळून फळ धरल्यावर लावावी, आणि खाली पडलेलं प्रत्येक फळ उचलून बंद पिशवीतून कचऱ्यात टाकावं. कंपोस्टात नको. मोरेलो उशिरा पिकते, तिला हा त्रास जास्त.

तडकण्यावर परसात फारसा इलाज नाही. पिकलेलं फळ सालीतून पावसाचं पाणी पितं आणि फाटतं. केंटचे बागायतदार आता झाडांवर प्लास्टिकचे बोगदेच उभारतात. मी मुसळधार पावसाचा अंदाज असला की आदल्या संध्याकाळी जमेल तेवढं तोडून घेते.

तोडणी

चेरी आंब्यासारखी आढीत पिकत नाही. तोडली त्या क्षणी जेवढी गोड तेवढीच राहते. म्हणून रंगावर जाऊ नका, एक खाऊन पाहा. स्टेला लाल झाल्यावरही आठवडाभर थांबायला लावते. तोडताना फळाला न धरता देठाला धरा, शक्यतो कात्रीनं देठ कापा. देठासकट फळ फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, बिनदेठाचं दोन दिवसांत चिघळतं. देठ ओढताना ती आखूड, गाठाळ फांदी तुटू देऊ नका, पुढच्या वर्षीची फळं तिथेच आहेत.

सरबतासाठी मिक्सरला लावणार असाल तर आठळ्या आधी काढा. अख्खी आठळी चुकून गिळली तर काही होत नाही, पण फोडलेल्या आठळीच्या आतल्या दाण्यातून सायनाइड सुटतं.

मोरेलोचा साखरांबा वेलदोडा घालून करतात तसाच, फक्त साखर थोडी हात राखून. एका वर्षी कोकम संपलं म्हणून मी आमटीत चार मोरेलो टाकल्या. चव चांगली आली. रंग पाहून मुलानं पोळी-भाजीवरच भागवलं.

शेवटचं फळ उतरलं की त्याच आठवड्यात छाटणी, आळ्यात पडलेली फळं-पानं गोळा करणं, आणि एक मोठं पाणी. पुढच्या वर्षीच्या कळ्या याच दिवसांत तयार होतात, म्हणून ऑगस्टमध्ये झाडाला तहानलेलं ठेवू नका. जाळी नळीच्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून झाकणाच्या डब्यात ठेवा. शेडमध्ये नुसती टांगली तर उंदीर कुरतडतात, आणि ते भोक पुढच्या जूनमध्ये आधी ब्लॅकबर्डला सापडतं.